घोडदऱ्यात काही आढळले नाही

पिंपळखोरी, ता. भोकर
२७ जानेवारी २०२५

चि. उज्वलास,

मामाचा नमस्कार. भाचीच्या पाया पडायची आपल्या घरातली रीत आहे. रागात असलो तरी ती मोडत नाही.

काल रात्री तू माझा फोन मध्येच कापलास. मी एवढंच विचारलं होतं, की हे कुणाच्या सांगण्यावरून लिहिलंस. त्यात कापण्यासारखं काय होतं ते मला कळलं नाही. आता मी फोन लावणार नाही आणि तुझा उचलणारही नाही. पत्र लिहितोय, ते तुला शेवटपर्यंत वाचावं लागेल.

काल सव्वीस जानेवारीची ग्रामसभा होती. झेंडा झाला, पेढे झाले आणि मग ग्रामसेवकानं तुझा अहवाल वाचला. घोडदऱ्याच्या डोंगरावर खडी क्रशर यायचंय, त्याआधी रात्रीची जनावरं पाहायला तुमच्या लातूरच्या कॉलेजला सांगितलंय आणि ते काम तुझ्याकडं आहे, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. म्हणून मी पुढच्या रांगेत ताठ बसलो होतो. ग्रामसेवक वाचू लागला. पाच ते सात डिसेंबर, तीन रात्री, एकूण बारा तास पायी फिरून पाहणी. ससे दोन, पिंगळा एक, गावकुत्री चार. याखेरीज निशाचर वन्यप्राण्यांचा वावर आढळला नाही. खाली तुझं दस्तखत.

सरपंच माझ्याकडं वळून म्हणाला, "ग्यानोबा, तुमच्या घरचीच लेक हाय. आता तरी पटलं न्हवं?"

चाळीस वर्षं मी त्या डोंगराच्या पायथ्याला जागल करतोय. तुरीत डुक्कर, हरभऱ्यात डुक्कर, म्हणून रात्र रात्र मचाणावर काढलीय. त्या मचाणावरून साळिंदर किती पाहिले त्याचा हिशेब नाही. उदमांजर आमच्या आंब्यावर असतंच. खवल्या मांजर दोनदा पाहिलं, दोन्ही वेळा वारूळ उकरताना. आणि तरस तर मी गावातलंच धरतो. मेलेलं ढोर शिवेवर टाकलं की तिसऱ्या दिवशी तिथं हाडूक राहत नाही. ते काय ग्रामपंचायत उचलून नेते?

तू आमच्या घरी तीन दिवस जेवलीस. तुझ्या मामीनं ज्वारीच्या कण्या केल्या, अंबाडी केली. ते खाऊन उठलीस आणि लिहून दिलंस की इथं काही नाही. तुमचे ते पायांत बूट, डोक्याला दिवे, बरोबर ती दोन पोरं, शिवम आणि ऋतुजा. त्यांचं हसणं मला वाड्यापर्यंत ऐकू येत होतं. अशानं काय दिसणार?

हरकत घ्यायची मुदत दहा मार्चपर्यंत आहे. तुझा कागद तसाच राहिला तर पावसाळ्याच्या आधी डोंगराला सुरुंग लागतील. तू तो कागद मागं घे आणि खरं काय ते लिही.

ग्यानोबा मामा


लातूर
२ फेब्रुवारी २०२५

ती. मामा,

नमस्कार. तुम्ही खरंच फोन उचलत नाही आणि मामी दर वेळी तुम्ही गोठ्यात असल्याचं सांगते. एवढा वेळ तुमची जनावरंसुद्धा गोठ्यात नसतील.

फोन का कापला ते सांगते. "कुणाच्या सांगण्यावरून लिहिलंस" याचा अर्थ मला समजतो. मी बावीस वर्षं शिकवतेय. आजवर माझ्या सहीबद्दल असा प्रश्न कुणी विचारला नव्हता, तो पहिल्यांदा माझ्या मामानं विचारला. तोही माझा अहवाल गावासमोर वाचून झाल्यावर. मामीनं मला सगळं सांगितलंय.

रात्री जंगलात कसं चालायचं हे मी आंबोलीला शिकले. तिथल्या सदाहरित जंगलात मी लागोपाठ तीन पावसाळे रात्री फिरलेय. तासाला अर्धा किलोमीटर, त्याहून जास्त नाही. बॅटरीचा उजेड मंद ठेवायचा. अत्तर नाही, पावडर नाही, फोन बंद. पानामागचा विषारी चापडा साप, फांदीवर निजलेला सरडा, उडता बेडूक, हे सगळं तिथं मी स्वतः शोधून पाहिलंय. डोळ्यांच्या चमकेवरून जनावर ओळखता येतं. सशाची चमक तांबडी, रातवा पक्ष्याची नारिंगी, तरसाची हिरवट. शिवम आणि ऋतुजालाही हे मीच शिकवलंय. ती दोघं हसत होती ती तुमच्या ओसरीवर, जेवण झाल्यावर, तुम्हीच सांगितलेल्या गोष्टीला. डोंगरावर त्यांनी खोकलासुद्धा गिळला.

मला जे दिसतं ते मी लिहिते. मामा काय म्हणतात ते मी लिहू शकत नाही, कारण मग उद्या क्रशरवाल्याचा मामा काय म्हणतो तेही लिहावं लागेल.

आता माझीच एक तक्रार ऐका. इतकं मुकं रान मी उभ्या जन्मात पाहिलं नाही. आंबोलीत बेडकांनी कान भरून जातात. भोकरकडचं रान कोरडं, तिथं तसं असणार नाही हे मला ठाऊक होतं. पण वाटेच्या फुफाट्यात एक रातवा असू नये? ओढ्याला एक मुंगूस? तिन्ही रात्री आम्ही दहाला निघालो आणि दोनला परतलो आणि सगळा डोंगर झाडून घेतल्यासारखा होता. पहिल्या रात्री जळका वास आला, मला वाटलं कुणी पऱ्हाट्या पेटवल्या. वाटेत लाल कागदाचे तुकडे पडले होते, मला वाटलं वरात गेली असेल. माझ्या वहीत दोन्ही नोंदी आहेत. दोन सशांपलीकडं जनावराची नोंद नाही, कारण जनावर नव्हतं.

अहवाल मागं घ्यायला कारण लागतं. तुमचा राग हे कारण होत नाही.

उज्वला


पिंपळखोरी
८ फेब्रुवारी २०२५

चि. उज्वलास,

तुला कारण पाहिजे ना, या पत्राबरोबर डबा पाठवतोय. त्यात साळिंदराचे काटे आहेत अकरा. खाली पुडीत जे पांढरं आहे ते तरसाचं शेण आहे. हाडं खातं म्हणून वाळल्यावर ते चुन्यासारखं पांढरं होतं, हे तुला पुस्तकातून ठाऊक असेलच. भोकरच्या पोस्टात बाईनं विचारलं आत काय आहे. मी सांगितलं, भाचीसाठी औषध आहे.

तू बावीस वर्षं शिकवून राहिलीस याचा मला अभिमान आहे. मी कुठंही गेलो तरी सांगतो. म्हणूनच जास्त लागलं. परक्या माणसानं लिहिलं असतं तर मी त्याला ग्रामसभेत उभा सोलला असता. तुझ्यापुढं माझं तोंड बांधलेलं आहे आणि गावाला ते कळतं. पारावर आता मला बघून लोक विषय बदलतात.

रान मुकं होतं म्हणतेस. रान माणसाच्या पावलांनी मुकं होतं. जास्त खोलात जाऊ नकोस. हा डबा घेऊन क्रशरच्या परवान्याच्या साहेबांकडं जा आणि त्यांच्या टेबलावर रिकामा कर.

मामा


लातूर
१३ फेब्रुवारी २०२५

ती. मामा,

डबा मिळाला. कॉलेजच्या शिपायानं तो माझ्यासमोर उघडला. पुडी फुटली होती.

वन्यप्राण्याचे काटे पोस्टानं पाठवणं कायद्यानं अंगाशी येऊ शकतं. तुम्ही पाठवणाऱ्याच्या जागी पूर्ण नाव, गाव आणि तालुका लिहिलाय. साहेबांच्या टेबलावर मी हे रिकामं केलं तर पहिली नोटीस तुम्हाला येईल. आणि या वस्तू कुठं सापडल्या, कधी सापडल्या, कुणी पाहिल्या, यातलं तुम्ही काहीच लिहिलेलं नाही. जागा, तारीख, वेळ आणि पाहणाऱ्याचं नाव नसेल तर तो पुरावा होत नाही, मग ते शेण कितीही पांढरं असो.

"जास्त खोलात जाऊ नकोस" हे वाक्य मी चारदा वाचलं. माझ्या साऱ्या आयुष्यात तुम्ही मला असं कधी म्हणाला नाहीत. लहानपणी विहिरीत कासवं किती आहेत विचारलं तर तुम्ही मला पाठीवर घेऊन विहिरीत उतरला होतात.

म्हणून सरळ विचारते. पाच, सहा आणि सात डिसेंबरला गावात वरात होती का? ते लाल कागद कशाचे होते?

उज्वला


पिंपळखोरी
१७ फेब्रुवारी २०२५

चि. उज्वलास सिंधुमामीचा आशीर्वाद.

मी कधी पत्र लिहीत नाही, त्यामुळं चुकलं तर समजून घे. फोनवर बोलता येत नाही, हे दिवसभर माझ्या आसपासच असतात. शेजारचा सत्यम भोकरला चाललाय, त्याच्याजवळ देते.

तुझं पत्र आल्यापासून तुझे मामा धड जेवले नाहीत. तू वरातीचं विचारलंस ना, वरात नव्हती. ते सुतळी बॉम्बचे कागद होते.

तू येणार कळल्यावर यांना आधी लई आनंद झाला. दोन दिवसांनी कसली धास्ती घेतली कोण जाणे. मला म्हणाले, "अक्काची एकच लेक हाय. मागं रामलिंगच्या मांडीत डुकरानं सुळा घातला, त्याला अजून नीट चालता येईना. हिला काय झालं तर मी अक्काला काय सांगू?" तुझी आई जाऊन नऊ वर्षं झाली, तरी हे तिला अजून जबाब द्यायचा असल्यासारखं बोलतात.

मग यांनी सत्यम, मलप्पा आणि अजून सहा जण गोळा केले. तू यायच्या दिवशी संध्याकाळी सगळे ओढ्यापासून डोंगराच्या माथ्यापर्यंत रांग करून गेले. पत्र्याचे डबे बडवले, बॉम्ब लावले, मशाली फिरवल्या. दिवस मावळल्यापासून सात वाजेपर्यंत हे चाललं होतं. तुमची गाडी आठला आली. दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी तुम्ही दुपारी भोकरला कागदपत्रांना गेलात आणि रात्री जेवायलाच परत आलात, तेव्हाही तेच केलं. तू जेवायला बसलीस तेव्हा यांच्या हाताला दारूचा वास येत होता, बॉम्बच्या दारूचा, म्हणून हे तुझ्या पंक्तीला बसले नाहीत. तुला वाटलं मामा उपास करतात.

मी तेव्हाच म्हणाले होते, की पोरगी जनावरं बघायला आलीय आणि तुम्ही ती हाकलून राहिलात. तर म्हणाले, तुला कळत नाही.

गावात आठ जणांना हे ठाऊक आहे. कुणी बोलत नाही, यांना मान आहे म्हणून. पण तू त्यात नाहक खोटी पडलीस, ते मला बघवेना. मी सांगितलं हे त्यांना सांगितलंस तरी चालेल. मी भीत नाही.

सिंधुमामी


लातूर
२० फेब्रुवारी २०२५

मामा,

मला सगळं कळलंय. मामीवर आवाज चढवू नका. तिनं जे केलं ते तुम्ही सत्तावीस जानेवारीला करायला हवं होतं.

तुमचं पहिलं पत्र पुन्हा काढून वाचलं. बूट म्हणालात, दिवे म्हणालात, पोरांचं हसणं म्हणालात. मी कुणाला विकली गेले का असंही सुचवलंत. हे सगळं लिहिताना तुम्हाला ठाऊक होतं की डोंगर कुणी रिकामा केला. भाचीच्या पाया पडायचं आणि तिच्या पायाखालची वाट आधी बॉम्ब लावून झाडून घ्यायची, ही कुठली रीत आहे? तीन रात्री मी पोरांना घेऊन थंडीत बारा तास चालले. मला एकदाही वाटलं नाही की माझ्या आजोळानं माझं काम मोडून ठेवलंय. मी माझ्याच डोळ्यांना दोष देत होते. घरी आल्यावर चष्म्याचा नंबर तपासून घेतला.

मी सत्तेचाळीस वर्षांची आहे. आंबोलीच्या रानात माझ्या बुटाशेजारी चापडा बसला होता आणि मी हलले नाही. माझी काळजी वाटते म्हणून मला न विचारता माझ्यापुढचं रान हाकलायचं, याला मी माया म्हणणार नाही. दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी तक्रार केली असती.

आता काय करायचं ते ऐका. अहवाल रद्द करायला मला कारण मिळालंय. ते लेखी लागेल. काय केलं, कुठल्या तारखांना, किती जणांनी, कुणाच्या सांगण्यावरून, हे लिहून तुम्ही ग्रामसेवकासमोर सही करायची. 'अज्ञात लोकांनी' असं मी लिहिणार नाही, ते खोटं होईल. तुमच्यावर कारवाई होऊ शकते आणि गाव हसेल, हे मला माहीत आहे. तुम्ही सही केली नाही तर डोंगर जाईल. दहा मार्चला फार दिवस उरलेले नाहीत.

उज्वला


पिंपळखोरी
२५ फेब्रुवारी २०२५

चि. उज्वलास,

जबाब लिहून दिला. नक्कल सोबत आहे.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी ठरवलं होतं, की द्यायचा नाही. मी कुणाच्या बांधाला कधी हात लावला नाही, कुणाच्या साक्षीत खोटं बोललो नाही आणि सहासष्टाव्या वर्षी गुन्हा कबूल करायचा, तोही माया केल्याचा. रात्रभर डोक्यात तेच चाललं होतं. सकाळी रामलिंग लंगडत दूध घालायला आला, त्याच्याकडं बघून वाटलं, आपलं बरोबरच होतं. मग वर डोंगराकडं पाहिलं. तिथं क्रशरवाल्याच्या माणसांनी चुन्याच्या खुणा केल्यात, पायथ्यापासून माथ्यापर्यंत. त्यानंतर मी ग्रामपंचायतीत गेलो.

माझा अंदाज असा होता, की जनावर तास दोन तास हटतं आणि आपल्या वाटेनं परत येतं. जागलीवर मी डबा वाजवतो तेव्हा डुक्कर तेवढंच हटतं. तू दहाला निघणार होतीस. मोठं जनावर दूर राहील आणि लहानसहान तुला दिसेल, असं मला वाटलं. पहिल्या रात्री तू सुखरूप आलीस म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा केलं. आठ जणांच्या रांगेनं काय होतं ते मला कळायला हवं होतं. चाळीस वर्षांत मी एकट्यानंच डबा वाजवला होता.

तुझ्या बुटांवर आणि पोरांवर जे लिहिलं ते मी मागं घेतो. कुणी लिहून घेतलं का असं विचारलं, तेही मागं घेतो.

आता ग्रामपंचायतीत काय झालं ते ऐक, म्हणजे तुझं समाधान होईल. मी स्वतःच मोठ्यानं वाचलं. सगळे हसले. सरपंच म्हणाला, "जनावर हाय म्हणता, आन हाकलून बी तुम्हीच देता. आम्ही काय लिवावं?" त्यावर अजून हसले. सत्यम आणि मलप्पानं खाली आपलं अंगठ्यासारखं दस्तखत केलं, ते हसले नाहीत. आता मी हॉटेलावरून गेलो की कुणीतरी चमच्यानं डबा वाजवतं. मी ऐकून घेतो.

पण एक सांगतो. मी केलं ते चुकलं, हे मान्य. त्याला माया म्हणणार नाहीस, हे मात्र मला मान्य नाही. तू काहीही शिक, ते नाव तुला बदलता येणार नाही.

दुसऱ्यांदा येशील तेव्हा आमच्याकडून कुणी डोंगरावर येणार नाही, हा शब्द देतो.

मामा


लातूर
३० मार्च २०२५, पाडवा

ती. मामा,

तुमच्या जबाबावर डिसेंबरची पाहणी रद्द झाली, मुदत पंधरा एप्रिलपर्यंत वाढली आणि चोवीस ते सव्वीस मार्च अशा तीन रात्री आम्ही पुन्हा फिरलो. हे तुम्हाला माहीत आहे. आम्ही भोकरला उतरलो आणि मुद्दाम तुमच्याकडं जेवायला आलो नाही. मामीला वाईट वाटलं असेल, तिला सांगा.

तुम्ही शब्द मोडलात.

पहिल्या दोन रात्रींत साळिंदर दिसलं, उदमांजर दिसलं, रातवे तर सोळा मोजले. तिसऱ्या रात्री शिवम आणि ऋतुजाला मी माथ्यावर ठेवलं आणि एकटी ओढ्याच्या वळणावर बसले. अकरा वाजून चाळीस मिनिटांनी हिरवट चमक आली. तीस पावलांवर तरस होतं. मोठी मादी, पाठीवरचे केस उभे, मागचा भाग बसका. मी मंद दिवा तसाच धरून ठेवला. आणि तिच्या पलीकडं, पळसाखाली, माणसाच्या उंचीवर अजून दोन गोल चमकले. पांढरे. कुठल्याच जनावराचे डोळे असे चमकत नाहीत. तो तुमचा चष्मा होता.

ती तुमच्या आणि माझ्यामधून गेली. तुमच्याकडं तिनं पाहिलंसुद्धा नाही. तुम्ही हलला नाहीत, खोकला नाहीत, दिवा लावला नाहीत. ती गेल्यावर मी उठून आले तर पळसाखाली कुणी नव्हतं.

मला इतका संताप आला की गाडीत नांदेडपर्यंत मी पोरांशी बोलले नाही. तुमच्या येण्यामुळं ती रात्रसुद्धा रद्द धरावी लागली असती तर? एकदा हसं होऊन तुमचं भागलं नाही का? नांदेड सोडल्यावर डोकं थोडं निवलं. जनावर हटलं नव्हतं, वाट बदलली नव्हती, म्हणजे नोंद बाद होत नाही. पण पाहणीच्या जागी हजर असलेल्या प्रत्येकाचं नाव लिहावंच लागतं. म्हणून अहवालाच्या तिसऱ्या पानावर निरीक्षक म्हणून माझ्या नावाखाली तुमचं नाव लिहिलंय. ग्यानोबा, शेतकरी, घोडदऱ्याच्या पायथ्याशी चाळीस वर्षं जागल. सोबत कागद आहे. वाचून सही करा आणि दहा एप्रिलच्या आत परत पाठवा.

फार आशा ठेवू नका. मी साहेबांच्या कार्यालयात विचारून आले. एक तरस दिसलं तर ते म्हणणार, येणारं जाणारं जनावर आहे, डोंगर फुटला तर दुसरीकडून जाईल. ते इथं राहतं असं धरायचं तर घळ दाखवावी लागते नाहीतर पिल्लू. मला एक दिसलं, मी एक लिहिलं. याहून जास्त लिहिता आलं असतं तर मी लिहिलं असतं.

उज्वला


पिंपळखोरी
३ एप्रिल २०२५

चि. उज्वलास,

कागद सही न करता परत पाठवतोय.

मी शब्द मोडला नाही. मी डोंगरावर आलो नव्हतो. तो पळस माझ्या बांधावर आहे, सातबारा काढून बघ. तू येणार म्हणून मी माझ्या शेतात बसायचं नाही, असा काही कायदा असला तर मला दाखव. आठ वाजल्यापासून बसलो होतो. तंबाखू घेतली नाही. तुझ्या काळजीनं आलो नव्हतो असं लिहिणार होतो, पण आता खोटं लिहायला नको. आलो होतो. फक्त या वेळी हातात काही घेतलं नव्हतं.

आता तुझ्या कागदाबद्दल. तू तीन पानं लिहिलीस, वाऱ्याची दिशा लिहिलीस, उष्मा किती होता ते लिहिलंस, आणि एक जीव गाळलास. याला पाहणी म्हणतात का? तारीख सव्वीस मार्च, वेळ अकरा चाळीस, जागा माझ्या बांधावरचा पळस, पाहणारा मी. तुझ्या बाजूनं आई दिसली. ती पुढं गेल्यावर तिच्या मागून, पळसाच्या आडून, पिल्लू आलं. कुत्र्याच्या सहा महिन्यांच्या पिल्लाएवढं असेल. ते माझ्यापाशी थांबलं आणि त्यानं माझ्या चपलेचा वास घेतला. मी श्वास धरून ठेवला. आई पुढून कुरकुरली तेव्हा ते पळालं. तुझा दिवा तोवर आईच्या मागं फिरला होता. मी तेव्हाच ओरडून सांगितलं असतं, तर मामानं पुन्हा जनावर हाकललं असं लिहिलं असतंस. म्हणून गप्प बसलो आणि तू उठलीस तसा मागच्या मागं निघालो. तुझ्याशी त्या वेळी भांडायची माझी तयारी नव्हती.

नावापुढं निरीक्षक असं लिहिलंस. मला एक म्हणून दस्तखत करायला सांगतेस, तर मी काय निरीक्षण केलं? दोन होती.

आणि तू म्हणशील, मामा काय म्हणतात ते मी लिहू शकत नाही. लिहू नकोस. सत्तावीसला उजाडायच्या आत मी परत गेलो होतो. ओढ्याच्या मऊ मातीत पिल्लाची पावलं उठली आहेत, आईच्या पावलांशेजारी. सात चांगली आहेत. प्रत्येकावर एक घमेलं पालथं घातलंय आणि वर दगड ठेवलाय. चार घमेली आपली, तीन मलप्पाच्या घरून आणली. गाव विचारतंय हे काय आता. मी कुणाला काही सांगितलं नाही. तुझी मामी शेण कशात भरू म्हणून रोज ओरडते.

माझ्या सांगण्यावरून काही लिहू नकोस. ये, स्वतः घमेली उचलून बघ, मोजून घे, मग लिही. दस्तखत त्यानंतर करीन.

मामा